कवळं पान

कोकिळानं पानाला चुना लावला, सुपारी अडकित्त्यानं अगदी बारीक कातरली आणि विडा शेषरावच्या उजव्या गालात सारला. डावी बाजू अर्धांगवायूनं गेली होती. पान आपल्याच मळ्यातलं आहे, हे तिनं रोजच्यासारखं कुणी न विचारताच सांगून टाकलं.

धादांत खोटं. मळा उरलाच होता कुठे? नवऱ्याला घेऊन ती अकोल्याच्या दवाखान्यात पडून होती, त्या वीस दिवसांत वेलींना सावली देणाऱ्या शेवरीच्या झाडांना खोडकिडा लागला. मे महिन्याचं ऊन. वरची सावली आठवड्यात गळाली आणि खालच्या पानवेली होरपळून गेल्या. पानमळ्यात देवघरात जावं तसं अनवाणीच जायचं, ही पानवेली जोपासणाऱ्या बारी लोकांची रीत. परवा कोकिळा चपला घालून आत गेली आणि मधोमध उभी राहून रडली.

पूर्वी त्या मळ्यात सावलीला हादगा होता, पांगारा होता, शेवगा होता. हादग्याच्या फुलांची भाजी व्हायची, पांगाऱ्याचा पाला बकऱ्यांना, आणि शेवग्याच्या शेंगा जळगाव जामोदच्या बाजारात. चार वर्षांमागे शेषरावच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे! ही झाडं फुकटचं पाणी पितात म्हणाला आणि सगळी काढून एकजात शेवरी लावली. का, तर ती सरळ वाढते, लवकर वाढते. एकच जात लावली तर एका किडीत सारी जातील, असं तिनं सांगून पाहिलं; पण हट्टाला पेटलेला माणूस बायकोचं ऐकतो थोडंच.

त्याला धक्का बसेल असं काही सांगू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून ती आपल्या भावाच्या, गजेंद्रच्या मळ्यातून पानं मागवत होती.

शेषराव सावकाश चावत होता. मग थांबला.

"इतकं कवळं पान शेवरीखाली होत नाही," तो अडखळत म्हणाला. "गजेंद्राचं होय ना? त्याच्याकडं सारी मिसळ झाडं हायेत."

कोकिळा अडकित्ता पुसत राहिली.

"आपली शेवरी गेली?"

"सारी गेली."

"झाडं तोडली तवा तुनं मले शिव्या देल्या होत्या."

"हाव. देल्या होत्या."

खरं तर तिला आत्ताही द्यायच्या होत्या. पण समोर हा असा पडलेला.

"माह्या आज्याच्या हातची वेल होती," तो म्हणाला. "लावाले बेणं तं ठेवलं असशीन?"

एवढं एक खोटं तिला सहज बोलता आलं असतं. गजेंद्रच्या वेलीचे चार तुकडे दाखवून निभलंही असतं.

"नाही राह्यलं," ती म्हणाली.

शेषरावनं मान भिंतीकडे वळवली. पान त्यानं पुढे चावलं नाही. बऱ्याच वेळानं कोकिळानं ते काढून घ्यायला त्याच्या तोंडाशी हात नेला, तर त्यानं हलत होते तेवढे ओठ घट्ट मिटून पान आतच धरून ठेवलं.