पान बेचाळीसचा समास

मी एक जुनी नाटकाची वही आहे, मित्रांनो. माझ्यात 'रांग' नावाचे तीन अंकी नाटक शाईने लिहिलेले आहे. ते कधी छापले गेले नाही. त्याची पूर्ण प्रत म्हणजे मी एकटीच.

खेमसिंग मास्तरांनी मला घाटंजीच्या आठवडी बाजारातून आणले. त्या वर्षी कापसाचा भाव पडला होता. खरेदी केंद्राबाहेर गाड्या चार-चार दिवस उभ्या असत. मास्तर शाळेतून घरी जाताना ती रांग बघत. तीच त्यांनी माझ्यात उतरवली. प्रत्येक नटाला त्याच्या वाट्याचे बोलणे वेगळ्या कागदावर लिहून दिले. त्या कागदाला नक्कल म्हणतात. सगळ्यांचे सगळे बोलणे फक्त माझ्याजवळ राहिले.

तालमी जफरभाईच्या दुकानात होत. जफरभाई पिंजारी. गाद्या-रजया भरण्यासाठी त्याच्याकडे मोठी मोकळी जागा होती. आतल्या खोलीत त्याची बायको जुबैदा मशीनवर खोळी शिवत बसे. ती मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. ऐकून ऐकून तिला अख्खे नाटक पाठ झाले. कोणी अडखळले की आतून तिचा आवाज येई.

चहाची टपरी चालवणारा बाबुलाल नाटकात शेतकऱ्याच्या बायकोचे काम करी. तो एकदा चिडला.

"भाभी, तुमीच उभ्या राहा ना मंग माह्या जागी!"

"तुमची मिशी काढाची तयारी नाही, अन् मले उभं करता?" जुबैदा आतून म्हणाली.

सगळे हसले. मास्तरांनी त्याच दिवशी मला तिच्या हातात दिले. विंगेत बसून नटांना आठवण करून द्यायचे काम तिचे झाले.

पहिला प्रयोग कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात झाला. दुसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात बायको रांगेतल्या नवऱ्यासाठी भाकर घेऊन येते. तिथे मास्तरांनी लिहिले होते, "नाथ, धीर धरावा. उद्याचा सूर्य आपल्यासाठीच उगवणार आहे." बाबुलाल 'नाथ' म्हणाला आणि पुढचे विसरला. नेमकी तेव्हाच वीज गेली. रंगमंचावर गॅसबत्ती होती, विंगेत काहीच नव्हते. जुबैदाने मला डोळ्यांशी धरले. तिला एक अक्षर दिसेना. पाठ असलेली ओळही नेमकी त्या क्षणी तिला आठवेना. मग तिने मला मांडीवर ठेवले आणि हळूच वेगळेच सांगितले. बाबुलाल तसेच बोलला.

"नंबर लागन तवा लागन. तुमी आधी जेवून घ्या. मी आहो ना गाडीपाशी."

कोणी टाळी वाजवली नाही. मागून एक म्हातारा तेवढा म्हणाला, "खरं आहे, बाई."

दुसऱ्या दिवशी जुबैदाने ते वाक्य पेन्सिलीने माझ्या बेचाळिसाव्या पानाच्या समासात लिहिले. मास्तरांची ओळ तिने खोडली नाही. पण खाली स्वतःचे नावही लिहिले नाही.

पुढे पांढरकवड्याला आणि वणीला प्रयोग झाले. लोक ते वाक्य येता-जाता म्हणू लागले आणि मास्तरांची वाहवा करू लागले. बाबुलाल टपरीवर सांगे, "आयत्या वेळी मलेच सुचलं ते." जुबैदा ऐके आणि शिवत राही.

मग मंडळी पांगली. मी पत्र्याच्या पेटीत खोळींच्या खाली गेले. कसरीने माझे कोपरे खाल्ले. एका उन्हाळ्यात जुबैदा गेली. त्यानंतर जफरभाईने ती पेटी उघडलीच नाही.

दोन वर्षांनी पेटी उघडली ती गझालाने. गझाला त्यांची मुलगी, यवतमाळला एम. ए. करत होती. तिने 'रांग'वर निबंध लिहिला होता. 'मास्तरांना बाईची बोली कशी कळली' हाच त्याचा मुद्दा, आणि तो सगळा त्या एका वाक्यावर उभा होता. वाक्य तिने लोकांच्या तोंडून घेतले होते. कॉलेजातल्या मॅडमनी विचारले, "अंक कोणता, प्रवेश कोणता, पान कोणते? त्याशिवाय निबंध घेणार नाही." चार दिवसांची मुदत होती.

तिने माझे बेचाळिसावे पान काढले. शाईत 'नाथ' होता. निबंधातले वाक्य बाजूला समासात, पुसट पेन्सिलीत.

"अब्बा, हे अक्षर कोणाचं?"

जफरभाईने पान हातात घेतले. "तुह्या अम्मीचं. गादीच्या खोळीवर गिऱ्हाइकाचं नाव ती असंच लिवे."

गझाला खाली बसली. "मंग माहा निबंध गेला. मी तर सारं मास्तरच्या नावानं लिवलं."

तिने मला मिटले. मग म्हणाली, "तसंच ठेवलं तं कोणाले कळते? वही तं आपल्याच घरात आहे."

जफरभाई रागावला नाही. "मास्तरले दाखव," एवढेच म्हणाला. "ते म्हनले माहं आहे, तं त्याईचं."

मास्तर आता निवृत्त झाले होते. त्यांनी चष्मा लावून पान वाचले आणि मोठ्याने हसले.

"बाई, मी 'धीर धरावा'वाला मानूस! हे मले जन्मात सुचलं नसतं. मले वाटे, बाबुलालनं घुसाडलं." मग त्यांचे हसू थांबले. "आठ वर्सं लोकायनं वाहवा केली. मी एकदाही इचारलं नाही, हे आलं कुठून."

त्यांनी पेन काढले आणि माझ्या पानावर टेकवले. गझालाने घाईने त्यांचा हात धरला.

"मास्तर, वहीत नका लिहू. जुन्या प्रतीत आता कोनाचंच अक्षर नको. येगळ्या कागदावर द्या."

"शिकली पोरगी," असे म्हणून मास्तरांनी वेगळ्या कागदावर 'हे वाक्य माझे नाही, जुबैदाचे आहे' असे लिहून सही केली.

गझालाने पुढच्या तीन दिवसांत निबंध नव्याने लिहिला. आता त्यात दोन्ही वाक्ये होती, वेगवेगळ्या ओळींवर, पात्राच्या नावासह. एका वाक्यापुढे मास्तरांचे नाव. दुसऱ्यापुढे तिने लिहिले: 'रांग, हस्तलिखित प्रत, अंक दुसरा, प्रवेश तिसरा, पान ४२, समासातील पेन्सिलीची नोंद, जुबैदा.'

तिने ते जफरभाईला वाचून दाखवले. तो रजई टाचत होता. त्याने सुई थांबवली.

"हे तं ती मले रोज म्हने," तो म्हणाला. "दुकानात गिऱ्हाइक उभं असलं का. आपल्या बोलीत. तुम पहले खा लो, मैं हूं ना यहां."

"मले काहून नाही सांगितलं, अब्बा?"

"त्यात सांगासारखं काय होतं? जेवाले बलवे ती." आणि तो पुन्हा टाचू लागला. पण त्याचा टाका वाकडा गेला, आणि तो त्याने उसवला नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी निबंध लिहाल आणि एखाद्या नाटकातले वाक्य घ्याल. तेव्हा अंक लिहा, प्रवेश लिहा, पान लिहा. बोलणारे पात्र कोण आणि शब्द कोणाचे, हे वेगवेगळे पाहा. ऐकलेले वाक्य मूळ प्रतीत उघडून बघा, आणि शाई संपते तिथे समासही वाचा. एवढे लिहायला एक ओळ लागते. माझ्यावर ती ओळ नव्हती, म्हणून जुबैदा जिवंत असेपर्यंत तिला कोणी म्हणाले नाही, की भाभी, छान लिहिलंत.