एक्स्चेंजचा नकार

"वहिनी, खड्ड्यात उतरलोय. कात्री हातात आहे. तुम्ही हो म्हणा, की कापतो."

फोनवर माझा दीर होता. तो केबलचे सांधे जोडतो, मी नियंत्रण कक्षात लिंकवर लक्ष ठेवते. घरी आम्ही एकमेकांना सणासुदीलाच दिसतो. बोलणं होतं ते कामावर. आज त्याला नदीच्या अलीकडे जुन्या केबलचा पाणी शिरलेला सांधा कापून नवा करायचा होता.

"थांबा जरा, भावजी. आधी लिंक बाजूला काढते."

नदीपलीकडच्या गावाच्या एक्स्चेंजशी आम्हाला जोडणाऱ्या सिग्नलिंगच्या लिंक दोन. पहिली या केबलमधून, दुसरी टेकडीवरच्या टॉवरवरून. माणसांचं बोलणं त्यांतून जात नाही, ते वेगळ्या तारांनी जातं. कोण कोणाला फोन करतंय, पलीकडे घंटा वाजवायची का, हे दोन एक्स्चेंज त्यांच्यावरून एकमेकांना कळवतात. एक लिंक गेली तर दुसरी सगळा भार उचलते. दोन्ही गेल्या तर तारा शाबूत असूनही गावातून बाहेर एकही फोन लागत नाही. आणि त्या गावासाठी रुग्णवाहिका निघते ती नदीच्या अलीकडून, फोन आल्यावरच. माझी जाऊ, म्हणजे याची बायको, त्या गावात घरी एकटी होती. तिचे दिवस भरले होते.

मी पहिली लिंक बाजूला काढायची कमांड दिली. एक्स्चेंजने नकार दिला.

"पुन्हा द्या," मागून साहेब म्हणाले. त्यांच्या माघारी आम्ही त्यांना उरकासाहेब म्हणायचो. "पहिल्यांदा नाही म्हणायची खोडच आहे त्याला. पाहुण्याला चहा विचारल्यासारखं."

पुन्हा दिली. पुन्हा नकार.

"दुसरी लिंक हिरवी आहे ना?"

"हिरवी आहे, सर."

"मग सक्तीची द्या, आणि उरका."

सक्तीची कमांड एक्स्चेंज मुकाट्याने ऐकतं. आम्ही सगळेच ती सर्रास वापरायचो, कारण नुसतं कामात असलं तरी ते नकार देतं. पण काढायला सांगितलेली लिंक शेवटचीच चालू लिंक असेल, तरीही देतं. दोन्ही नकार दिसायला सारखेच.

मी दुसऱ्या लिंकच्या चुकांचा आकडा पाहिला. मग थोडं थांबून परत पाहिला.

"सर, हा आकडा हलत नाहीये."

"चुका होत नाहीत याचं दुःख होतंय का तुम्हाला?"

"टॉवरची लिंक आहे. जोराचा वारा सुटला तरी दोन-चार चुका होतात. भारही सकाळपासून तेवढाच आहे. स्क्रीन जुनंच चित्र दाखवतेय असं वाटतंय."

"वाटतंय म्हणून काम थांबवत नाहीत, बाई." त्यांनी कीबोर्डकडे हात नेला. मी माझा काढला नाही.

"वहिनी," फोनमधून आवाज आला, "पाणी उपसणारा पंप धाप टाकायला लागलाय. तो थांबला तर मी न कापताच सांधा बुडेल. लवकर काय ते सांगा."

पहिल्या लिंकच्या चुका खरोखरच सरसर चढत होत्या.

"कापू नका. मी पलीकडे विचारते."

मी दुसऱ्या फोनवरून गावच्या एक्स्चेंजला फोन लावला. हा फोनही त्याच पहिल्या लिंकच्या जिवावर लागणार होता. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग घंटा वाजली आणि तिथले काका बोलले.

"काका, टॉवरच्या लिंकचं कार्ड बघा. दिवा लागलाय का?"

"आत्ता कुठे बूड टेकलं होतं," ते कुरकुरत उठले. चपलांचा आवाज लांब गेला, परत आला. "नाही गं. काळोख आहे. सकाळी पंखा साफ करायला माणूस आला होता, त्याचा धक्का लागला असणार."

साहेबांनी हात मागे घेतला.

"कार्ड काढा आणि पुन्हा घट्ट बसवा. फोन मात्र ठेवू नका. लागलेला फोन तुटणार नाही, पण ठेवलात तर कदाचित परत लागणार नाही."

"ठेवत नाही, पोरी."

तेवढ्यात दीर ओरडला, "गेला! पंप गेला!"

स्क्रीनवर पहिली लिंक लाल झाली. शेजारी दुसरी हिरवीच होती, खोटी. आता सगळ्या गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारी माझ्या माहितीची एकच गोष्ट उरली होती: कानाला लावलेला हा रिसीव्हर. त्यातून काकांचा श्वास, पत्र्याची खडखड आणि एक शिवी ऐकू आली.

"बसलं," काका म्हणाले. "दिवा लुकलुकतोय."

"स्थिर झाला का?"

"नाही."

साहेब खुर्चीची पाठ धरून उभे होते. आता त्यांनाही काही उरकायचं नव्हतं.

"आता?"

"थांब... हो. आता नाही लुकलुकत."

स्क्रीनवर विश्वास ठेवायची सोय नव्हती. नवा फोन लागतो का, एवढीच परीक्षा उरली होती.

"भावजी, खड्ड्यातून वर या आणि दुसऱ्या फोनवरून घरी लावा."

तो चिखलातून चढला, ते ऐकू आलं. मग तो काहीसा चिडून म्हणाला, "एंगेज आहे! अशा वेळी कोणाशी गप्पा मारतेय ही?"

टॉवरची लिंक जिवंत होती. एंगेजचा तो टोन वाजण्याआधी, ती दुसऱ्या कोणाशी बोलतेय, असं पलीकडच्या एक्स्चेंजने आमच्या एक्स्चेंजला तिच्यावरूनच कळवलं होतं.

"मारू दे तिला गप्पा," मी म्हटलं. "तुम्ही पाणी उपसा आणि कापा."