तिसरी खुर्ची

बालसमुपदेशन केंद्राच्या तपासणीच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, एक मोठी आणि एक बुटकी. एक टेबल, वाळूचा एक ट्रे, अकरा लाकडी प्राणी, त्यांतला जिराफ तीन पायांचा. आरशासारखी दिसणारी एक काच आणि तिच्यामागे कॅमेरा. बोटाला लावायचा एक चिमटा, जो हृदयाचे ठोके मोजून पडद्यावर दाखवायचा. तिसरी खुर्ची नव्हती, त्यामुळे मुलासोबत आलेल्या माणसानं बाहेर बाकावर बसायचं.

शिकाऊ समुपदेशक म्हणून आलेल्या ताईला ही व्यवस्था पाच महिने खटकली नव्हती. मेंदूविज्ञानात पदवी घेतलेली ती; आकड्यांवर तिचा जीव. मूल आत घ्यायचं, दार लावायचं, चिमटा लावायचा आणि ‘विश्रांतीतले ठोके’ लिहायचे. ढब्बू नावाच्या सहा वर्षांच्या मुलीचे ठोके चारही भेटींत एकशे पंचवीसच्या वर होते.

ढब्बूची आई दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात गेली ती परत आली नाही. तेव्हापासून ढब्बू मावशीकडे. मावशी बस चालवायची आणि गणवेशातच यायची. केंद्राचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत, त्यांचा अहवाल जवळजवळ तयार होता: मुलीचा मेंदू सतत धोक्याच्या पवित्र्यात आहे, मावशीशी नातं रुजलेलं नाही, तिला निवासी संस्थेत ठेवावं. आणि बालकल्याण कार्यालय सरांचा शब्द सहसा खाली पडू देत नसे.

चौथ्या भेटीच्या शेवटी ताई घाईत चिमटा काढायला विसरली आणि दार उघडून बसली. मावशी आत आली. चल गं, नाहीतर माझी बस दुसराच कुणी पळवेल, असं म्हणत दप्तर आवरू लागली. ताईची नजर सहज पडद्यावर गेली. एकशे सव्वीस. एकशे चौदा. अठ्ठ्याण्णव.

ताईनं नोंदवहीची मागची पानं उलटली. पाच महिने विश्रांती म्हणून तिनं जे लिहिलं होतं, ते सगळं बंद दाराआड एकट्या पडलेल्या मुलांचं होतं.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. दार तर सगळ्याच मुलांच्या वेळी बंद होतं, ते म्हणाले. बाकीची मुलं दोन मिनिटांत सावरतात, ही दहा मिनिटांतही सावरत नाही, हाच तर पुरावा. मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता, आणि म्हणूनच ताईला जास्त राग आला.

“तिची आई एका दारातून गेली आणि आलीच नाही, सर. दार लागलं की घाबरायचं, हे तिचा मेंदू बरोबर शिकलाय. नातं आहे की नाही हे बघायचं, तर कोण आल्यावर ठोके उतरतात ते बघायला हवं. आपण नेमकं त्याच माणसाला बाहेर बसवतो.”

“आणि तुझ्या प्रमाणपत्रावर सही कोण करणार, तेही बघायला हवं,” सर हसत म्हणाले.

“ते तुम्ही बघा. हे आकडे मी घेतलेत. मी ते मागे घेते.”

सरांचं हसू ओसरलं. त्यांनी अट घातली: एकदाच, माझ्यासमोर, मावशीला आत बसवून मोजायचं. ठोके एकशे पाचच्या खाली आले तर शिफारस मी स्वतः बदलेन. नाही आले तर अहवाल आहे तसा जाईल, आणि खाली तुझंही नाव असेल. ताई हो म्हणाली. 

ठरल्या दिवशी तिनं खालच्या कचेरीतली खुर्ची उचलली आणि जिना चढून खोलीत आणून ठेवली. मावशीनं विचारलं, मी नेमकं काय करायचं? नुसतं बसायचं, ताई म्हणाली.

“बसायचाच पगार खाते मी,” म्हणत मावशी ऐसपैस बसली.

ढब्बूनं सवयीनं बोट पुढे केलं आणि ताईनं चिमटा लावला. तेवढ्यात सर म्हणाले, आधी नेहमीसारखं मावशींनी दहा मिनिटं बाहेर थांबावं, म्हणजे तुलना नीट होईल. वाळूतला ढब्बूचा हात थांबला.

मावशी उठली नाही.

“चार वेळा तुमचं ऐकून उठले, साहेब. आता नाही उठणार. काय मोजायचं ते माझ्यासमोर मोजा.”

सरांनी ताईकडे पाहिलं. “समजाव त्यांना.”

“तुलनेला चार भेटींचे आकडे आहेत आपल्याकडे,” ताई म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता तिनं नेहमीसारखं दार लावलं. मावशी आत, सरही आत.

दाराच्या आवाजासरशी ढब्बूनं दचकून मान वर केली. एकशे एकतीस. तिनं मावशीकडे पाहिलं. मावशी जिराफ उलटासुलटा करून बघत होती.

“ह्याचा पाय कुणी खाल्ला गं?”

“वाघानं.”

“कच्चाच? मीठसुद्धा नाही लावलं?”

ढब्बू खुदकन हसली. तिनं जिराफ ओढून घेतला आणि त्याला उभं करायला वाळूत खड्डा खणू लागली. सर पडद्याजवळ सरकले. ताईनं हातातलं पेन उघडलं.

सातव्या मिनिटाला पडद्यावर ब्याण्णव ठोके होते.