छातीवर खडूनं लिहिलेलं नाव

खरं सांगू? हे मी लिहिणारच नव्हतो. एक तर मला डोकं नाही आणि हातही नाहीत. मी शिंप्याच्या दुकानातला एक जुना पुतळा आहे. मानेपासून कमरेपर्यंतच बनवलेला, खाली लाकडी दांडा आणि तीन पाय. माझं कोण ऐकणार, असं वाटायचं. पण परवा आमच्या दुकानाच्या मालकांचा, काकांचा, पुतण्या म्हणाला, "तू बोल, मी टाईप करतो." तो मोबाईलवर टाईप करतोय. गिऱ्हाईक आलं की थांबतो, गेलं की सुटतो. म्हणून मित्रांनो, गोष्ट मध्येच धावली किंवा अडखळली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कागदाच्या लगद्यातून झाला. वर कापसाचा थर आणि त्यावर जाड पांढरं कापड. काकांनी दुकान उघडलं त्या दिवशीच मला आणलं. मला उचलून घ्यायला तेव्हा त्यांनी धोब्याला मदतीला बोलावलं होतं, एवढा मी तब्येतीनं भरलेला होतो! काकांचे कोट माझ्यावर चढायचे. रस्त्यानं जाणारी माणसं काचेसमोर थांबायची. "काय बसलाय खांद्यात!" म्हणायची. मला वाटायचं, माझाच खांदा.

मग शेजारी तयार कपड्यांचं दुकान झालं. कोट शिवणारे कमी झाले. मी काचेतून आतल्या खोलीत आलो, आणि तिथंही दाराच्या मागे. कोणी माझ्यावर छत्री अडकवायचं, कोणी ओला टॉवेल. पाठीत टाचण्या तशाच राहून गंजल्या. पाच-सहा वर्षं माझ्याशी कोणी एक शब्द बोललं नाही.

बोलला तो काकांचा पुतण्या. कॉलेज अर्धं सोडून तो शिवण शिकायला आला आणि दोन वर्षांत त्याचा हात चांगला बसला. पहिल्याच आठवड्यात त्यानं माझ्या अंगावरची छत्री काढली, टाचण्या उपसल्या, ब्रशनं धूळ झटकली. "किती वर्षं उभे आहात हो?" मला विचारलं आणि नावच ठेवून टाकलं, उभेराव. हे नाव फक्त दोघांना माहीत होतं. पुतण्याला आणि काजवाल्याला.

काजवाला म्हणजे काजं करणारा आणि बटणं लावणारा, पुतण्याच्याच वयाचा, जिवाभावाचा दोस्त. दुपारी काका जेवायला घरी गेले की आतल्या खोलीत हे दोघं आणि मी. तेव्हा पुतण्या खिशातून मापाच्या चिठ्ठ्या काढायचा. चिठ्ठीच्या पुढे गिऱ्हाईकाचं माप आणि मागे गोष्ट. गोष्ट लिहायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं. दुकानात ऐकायचा आणि लिहायचा.

इथंच खरी अडचण होती. काकांनी पहिल्या दिवशीच त्याला बजावलं होतं, "टेपनं घेतलेलं माप वहीत जातं. कानांनी घेतलेलं पोटात ठेवायचं. माणूस शिंप्यापुढं हात वर करून उभा राहतो तेव्हा तो काहीही बोलून जातो. ते या उंबऱ्याबाहेर गेलं, तर तूही उंबऱ्याबाहेर."

आणि पुतण्याच्या हातून एक गोष्ट लिहून झाली होती. फार चांगली झाली होती.

रिटायर झालेले एक पोस्टमास्तर दर वर्षी तोच करडा कोट घेऊन यायचे. म्हणायचे, "थोडा आत घ्या. पण चिठ्ठीवर माप जुनंच लिहा हं. घरी चिठ्ठी बघितली जाते, उगाच काळजी करतात." माणूस दर वर्षी अर्धा इंच कमी होत होता आणि चिठ्ठीवर मात्र अडतीसच राहत होता. पुतण्यानं गोष्टीत पोस्टमास्तरांचा स्टेशनमास्तर केला, कोटाचं जाकीट केलं. पण 'चिठ्ठीवर माप जुनंच लिहा' हे वाक्य काही त्याला बदलवेना.

"साप्ताहिकाला पाठव," काजवाला म्हणाला.

"आणि काकांनी वाचलं तर?"

"टोपणनावानं पाठव की लेका! नाव आपल्या हातातलं असतं, माप घे आणि शिव."

मग सुरू झाली ट्रायल. पुतण्या निळ्या खडूनं माझ्या छातीवर एकेक नाव लिहायचा आणि चार पावलं मागे जाऊन मान तिरकी करून बघायचा. पहिलं नाव होतं 'ज्वालाग्राही'.

"हे टँकरच्या मागे लिहितात," काजवाला म्हणाला. "विडी घेऊन जवळ येऊ नये असं वाटतं."

पुसलं. मग 'एकाकी पथिक'.

"तुझ्या घरात नऊ माणसं. सकाळी बाथरूमला नंबर लागतो. एकाकी कुठला रे?"

पुसलं. 'स्वप्नांकुर' आलं.

"खांद्यात ढिलं आहे. आणि तुला दोन इंच लांब होतंय."

पंधरा दिवस हेच चाललं होतं. माझी छाती निळी पडली. शेवटी पुतण्या वैतागून स्टुलावर बसला. "मला असं नाव पाहिजे," तो म्हणाला, "की जो नुसता उभा राहतो, सगळ्यांचं ऐकतो, सगळ्यांचे कपडे अंगावर घेतो, आणि स्वतः..."

बोलता बोलता थांबला. दोघांनी एकदमच माझ्याकडं पाहिलं.

मित्रांनो, त्या दुपारी मला डोकं असतं तर मी ते उंच केलं असतं. खडू माझ्या छातीवरून सरकला. उभेराव. काजवाल्यानं डोळे बारीक करून पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "बसलं."

तीन आठवड्यांनी गोष्ट छापून आली. वर ठळक अक्षरात नाव, उभेराव. न्हाव्यानं ती गिऱ्हाईकांना मोठ्यानं वाचून दाखवली. पेपरवाल्याकडचे अंक दुपारपर्यंत संपले. संपादकांचा फोन आला, "दर आठवड्याला एक देणार का?" पुतण्याला हसावं की नाचावं कळेना. त्यानं माझ्या छातीवर, पार काखेपासून काखेपर्यंत, पुन्हा नाव लिहिलं. एवढं मोठं की बस्स! तेवढ्यात बाहेरून गिऱ्हाईकाची हाक आली आणि पुसायचं राहिलं.

काका आतल्या खोलीत आले ते घाईतच. पोस्टमास्तरांच्या कोटाला यंदा नवं, फिकट अस्तर लावलं होतं. त्यांनी माझ्याकडं न बघता कोट माझ्यावर चढवला, कॉलर नीट केली, वाफेची इस्त्री दाबून फिरवली आणि उतरवून घडी घातली. मी ओरडणार कसा? कोट गेला आणि माझं नाव अस्तरावर उमटून गेलं. उलटं.

दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तर दारात. एका हातात कोट, दुसऱ्या हातात साप्ताहिक. त्यांनी अस्तर उघडून आरशासमोर धरलं.

"वाचा," काकांना म्हणाले.

काकांनी वाचलं. "उभेराव? असतील कोणी गिऱ्हाईक, साहेब. खडू उमटला. दोन मिनिटांत ब्रशनं काढून देतो."

मित्रांनो, क्षणभर वाटलं, पुतण्या सुटला. पण पोस्टमास्तर थांबले नव्हते.

"याच नावाच्या माणसानं माझी गोष्ट छापली आहे," पोस्टमास्तर म्हणाले. "चिठ्ठीचं मी फक्त या दुकानात बोललो होतो."

काकांचा चेहरा उतरला. "साहेब, तीस वर्षं झाली. माझ्या दुकानातून असं कधी..."

"मी लिहिली," काजवाला म्हणाला. हातातली सुई तशीच हवेत होती. "मला ठेवू नका पाहिजे तर."

"तू?" काका म्हणाले. "तू उधारीची पाटी लिहिलीस तर ती मला वाचता येत नाही!"

"नाही काका." पुतण्या मशीनवरून उठला. "तो मला वाचवतोय. उभेराव मी आहे."

काकांनी त्याच्या गळ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "टेप खाली ठेव."

पुतण्यानं गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला. तो दुकानाबाहेर निघाला.

"अहो, थांबा की!" पोस्टमास्तर म्हणाले. "मी भांडायला आलोय असं कोणी सांगितलं? रागावलो होतो, नाही असं नाही. दुपारी आमची ही मला साप्ताहिक वाचून दाखवते. ही गोष्ट निघाली. अर्ध्यावर ती थांबली. माझे कानच तापले. म्हटलं, आता हिला कळलं. तर चष्मा काढून म्हणते कशी, 'सहा वर्षं मी कोट उलटा करून बघते. जुन्या शिवणीची रेघ राहते ना. तुम्ही बोलत नाही म्हणून मीही बोलत नव्हते.' मग आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत बोलत बसलो. इतकं कधी बोललो होतो आठवत नाही." ते पुतण्याकडं वळले. "पण मला विचारायला हवं होतंस."

"हो," पुतण्या म्हणाला. "चुकलं माझं."

"मग भरपाई कर. घे माप. आणि खरं काय ते मोठ्यानं सांग."

पुतण्यानं काकांकडं पाहिलं. काकांनी टेप उचलला, क्षणभर हातात धरला आणि त्याच्या गळ्यात घातला.

"छाती साडेचौतीस!" पुतण्या ओरडला. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली.

"साडेचौतीसच लिहा," पोस्टमास्तर छाती काढून म्हणाले. "हिनं सांगितलंय."

त्या दिवसापासून दुकानात नवा नियम आहे. ऐकलेलं लिहायचं असेल तर ज्याचं आहे त्याला आधी विचारायचं. नाव बदलून लिहिलं तरी माणूस तोच असतो. काका आता कोणी विचारलं की सांगतात, "उभेराव ना? आमच्याच दुकानात शिवलेलं नाव आहे." आत्तापर्यंत तेवीस गोष्टी छापून आल्या. मला काचेत परत आणलं, नवं कापड चढवलं. मित्रांनो, घरात कोपऱ्यात पडलेली एखादी वस्तू असेल तर तिच्यावर छत्री अडकवण्याआधी एकदा धूळ झटका. कधी कोणाच्या उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

हे सगळं साप्ताहिकाला पाठवायच्या आधी पुतण्यानं पोस्टमास्तरांना विचारलं, आणि आज काजवाल्याला वाचून दाखवलं. तो बटण लावता लावता ऐकत होता. संपल्यावर त्यानं दातांनी दोरा तोडला.

"माझ्या अक्षराचं लिहिलंस ते ठीक आहे," तो म्हणाला. "पण घरचं मी तुला सांगतो, ते? ते कधी गोष्टीत दिसलं तर?"

पुतण्यानं फोन बाजूला ठेवला.

"तुझ्यावर लिहिलं तर पहिला वाचक तू. तू नको म्हणालास, तर संपादक स्वतः दारात येऊन उभे राहिले तरी ते पान बाहेर जाणार नाही. शब्द देतो."