भागीफुईचा डावा अंगठा

कल्पना करा, तुमचं वय अकरा आहे. कळवणच्या पश्चिमेला, डोंगराच्या पोटाशी वीसेक घरांचा पाडा आहे, तिथं तुमचं घर. शाळेला जाताना एक ओहळ ओलांडावा लागतो. सगळ्या पाड्यात कागद वाचता येणारी माणसं दोनच. एक तुमचा थोरला भाऊ, आणि दुसऱ्या तुम्ही. भाऊ शिकायला दूर गेलेला, म्हणून तलाठ्याची नोटीस आली, कुणाचं पत्र आलं, बियाण्याच्या पिशवीवर काय छापलंय ते बघायचं असलं, की हाक तुम्हालाच. जमली कल्पना? मग तुम्ही सखू झालात. आता तिच्या मागोमाग चला. वाट सोपी नाही, पण चला.

सखूचा भाऊ दिनेश कृषी अभियांत्रिकी शिकत होता. त्याचं सरकारी विद्यापीठ एवढं मोठं, की वसतिगृहातून वर्कशॉपला जायला सायकल लागायची. पाड्यातून तिथं गेलेला तो पहिलाच. त्यांची आई सखू पाळण्यात असतानाच वारली होती. दोघांना वाढवलं ते वडिलांच्या बहिणीनं, भागीबाईनं. तिकडं आत्याला फुई म्हणतात. दर हंगामाला भागीफुई दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला जायची. दिनेशची गादी, त्याचा ड्रॉइंगचा बोर्ड, त्याचे बूट, सगळं तिच्या हातांच्या कष्टातून आलेलं.

२००३ सालच्या डिसेंबरात दिनेश जीपच्या मागे एक यंत्र बांधून घेऊन आला. शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एक यंत्र करून दाखवायचं असतं. त्यानं केलं होतं नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, मळणीचं. लहान डिझेल इंजिन, त्यावरून फिरणारा रबरी पट्टा, पट्ट्याच्या टोकाला मोठं लोखंडी चाक. पट्टा आणि चाक झाकणारी एक जाळी होती, चार बोल्टांनी आवळलेली. तिच्यावर दिनेशनं स्वतः लाल रंगानं लिहिलं होतं, ‘जाळीशिवाय यंत्र चालवू नये’. सगळ्यांत आधी ते सखूनं वाचलं.

शेजारचा मंगळू खळ्याच्या कडेला उकिडवा बसून होता. म्हणाला, “काय रं इंजेनेर, चार वर्षं शिकला नि शिकला काय? नागली झोडायची! ती तं तुझी फुई बिनशाळेची झोडती.”

“काका, तुम्ही दिवसभरात झोडता तेवढी हे तासात काढतं.”

“मंग दिवसभर मी करू काय?”

“आत्ता करताय तेच,” भागीफुई म्हणाली, आणि सगळे हसले. मंगळूही हसला.

पण यंत्र सुरू करायच्या आधी पूजा हवी. नवा नांगर असो की नवा विळा, पूजल्याशिवाय तो मातीला लागत नाही. फुईनं ताट आणलं, यंत्राला फेरी मारली आणि जाळीपाशी थांबली.

“जाळीला काय कुंकू लावू? जाळी काय दाणा काढती? चाकाला लावू दे.”

“फुई, ती बोल्टानं बसवलीय.”

“मंग काढ की. देवाला तोंड झाकून पूजतात व्हय?”

दिनेशनं पाना घेतला, चारही बोल्ट काढले. फुईनं चाकाला हळद लावली, कुंकू लावलं, नारळ फोडला. खोबरं सगळ्यांच्या हातावर आलं. उन्हं वर चढत होती. दिनेश हँडल मारायला वाकला.

“दादा, जाळी राहिली,” सखू म्हणाली.

“लावतो गं मागून. नवा पट्टा ढिला पडतो, सारखा ओढावा लागतो. दर वेळी चार बोल्ट कोण काढणार?”

इंजिन धडधडलं. कणसं एका तोंडातून आत जाऊ लागली आणि दुसऱ्या तोंडातून बारीक, लालसर दाणा पडू लागला. मंगळू उठून उभा राहिला. त्यानं दाणा मुठीत घेतला, फुंकर मारली. भुसा नव्हताच. तो काही बोलला नाही, आणि मंगळूनं न बोलणं हीच मोठी शाबासकी होती. दिनेश घड्याळ बघून वहीत आकडे लिहीत होता. त्याचा चेहरा सखूनं इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता.

थोडी नागली पट्ट्याखाली सांडली. त्या घरात सांडलेल्या दाण्यावर कुणी पाय देत नाही. फुई खाली बसली आणि उजव्या हातानं दाणे पुढं ओढू लागली. तिच्या बांगड्या पट्ट्यात अडकल्या.

फार मोठा आवाज झाला नाही. पट्टा एकदा अडखळला आणि पुन्हा फिरायला लागला. मग फुई ओरडली.

कळवणला डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि तशीच जीप नाशिकला पाठवली. तिथं मनगटापासून हात काढावा लागला.

चौथ्या दिवशी दिनेश एकटा परत आला. सरळ खळ्यावर गेला. सखू पाणी घेऊन मागे गेली, तेव्हा तो जाळी बसवत होता. चारही बोल्ट त्यानं घट्ट आवळले.

“उद्या विद्यापीठातले सर येणारेत,” एवढंच तो म्हणाला. पाणी त्यानं घेतलं नाही.

सर आले. ते वाईट नव्हते. फुईसाठी फळं घेऊन आले होते, वडिलांचे, पुंजाचे, हात हातात धरून बराच वेळ बसले. मग यंत्राचे फोटो काढले.

“जाळी होती ना, दिनेश?”

“होती, सर.”

“मग काळजी नको. अपघाताचा अहवाल दे, त्यावर बाईंचा अंगठा घे. सुरगाण्याच्या पाड्यांवर या हंगामात अशी दहा यंत्रं जायचीत. ते काम थांबायला नको.”

सखू दारात उभी होती. दिनेशनं तिच्याकडं पाहिलं नाही.

बारा दिवसांनी फुई घरी आली. उजवा हात पांढऱ्या कापडात गुंडाळलेला. डाव्या हातानं भाकरी मोडायला तिला जमेना. दिनेशनं कागद आणि शाईची डबी तिच्यापुढं ठेवली.

“आधी सखू वाचंल,” पुंजा म्हणाला.

“मी सांगतो ना, बा, काय लिहिलंय ते.”

“तू लिहिलंय. वाचंल ती.”

सखूनं वाचलं. शाळेत उभं राहून धडा वाचतात तसं, एकेक शब्द सुटा. “यंत्रावर सुरक्षा जाळी बसवलेली होती. सदर महिलेने जाळीखालून हात घातला. अपघात महिलेच्या निष्काळजीपणामुळे झाला. यंत्रात दोष नाही.”

फुई कागदाकडं बघत राहिली.

“असंच लिहायला लागतं का रं?” फुईनं विचारलं.

दिनेश म्हणाला, “जाळी नव्हती म्हटलं तर माझं वर्ष जाईल, फुई. कदाचित काढूनच टाकतील.”

“मीच म्हणले होते काढ म्हणून.” फुईनं डावा हात डबीकडं नेला. “हात तं गेला. आता पोराचं वर्ष कशाला घालवू? आण इकडं.”

पुंजानं तोंड भिंतीकडं केलं.

“दादा,” सखू म्हणाली, “त्या दहा यंत्रांना पण बोल्टाचीच जाळी हाय का?”

दिनेश डबीचं झाकण काढायला लागला.

“त्यांचा पट्टा पण ढिला पडंल. तिथं पण पूजा करतील. मग?”

“गप बस, सखे.” पण त्याच्या शब्दात जोर नव्हता. तो खाली बघत होता, फुईच्या हातावरल्या कापडाकडं.

फुईच्या अंगठ्याला शाई लागली होती. तो कागदावर टेकणार, तेवढ्यात सखूनं कागद ओढून घेतला. दिनेशच्या खिशातलं पेन काढलं, कागद पालथा घातला आणि मांडीवर धरून लिहायला लागली. अक्षर वाकडंतिकडं आलं. तिनं लिहिलं:

‘जाळी नव्हती. पूजेला काढली होती. परत लावली नाही. मी सांगितलं होतं. पट्टा ओढताना काढावी लागणार नाही अशी जाळी पाहिजे. सखुबाई पुंजा भोये, इयत्ता सहावी.’

मग तिनं ते सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, कागद फुईपुढं ठेवला, आणि अंगठा कुठं लावायचा ती जागा बोटानं दाखवली.