मोठीचा गोळा

आमच्या मोठीच्या पोटाला वार कळतात. सोमवारी ठणठणीत, मंगळवारी ठणठणीत आणि बुधवार उजाडला की बाईसाहेब पोटावर हात ठेवून वाकून बसल्याच. नववीतली पोर, अंगानं घरात सगळ्यांत भक्कम, आदल्या दिवशी दोनदा वाढून घेतलेलं, आणि दुखणं मात्र दुकानाच्या सुट्टीसारखं ठरल्या वारी.

बुधवारी शाळेत खेळाचा तास असतो, हे मला तिच्या धाकट्या बहिणीनं सांगितलं. दोघींचं भांडण झालं होतं म्हणून कळलं, नाहीतर कुठलं. धाकटी म्हणाली, मागे ताई धावताना सगळ्यांच्या शेवटी आली, मुली हसल्या, तेव्हापासून ती पायरीवर बसून दुसऱ्यांची दप्तरं सांभाळते.

दप्तरं सांभाळायला भिंतीत खुंट्या असतात. माझी नात खुंटी नाही.

त्या बुधवारी मीच तिला हाताला धरून शाळेत नेली. वाटेत म्हणाली, "आजी, खरंच दुखतंय गं."

"दुखू दे. पोट बरोबर घेऊन चल, घरी ठेवायचं कुणी सांगितलंय?"

खेळाच्या बाई मैदानात शिट्टी घेऊन उभ्या होत्या. बाई तशा चांगल्या. म्हणाल्या, "पळणं, उडी, गोळा, हिला जे आवडेल ते करू दे. मी किती वेळा विचारलं, पण ही पायरी सोडत नाही."

मी तो लोखंडी गोळा हातात घेऊन पाहिला. "हा द्या हिला," म्हटलं.

मला खात्री होती. आमची लाँड्री आहे. खाली अंगणात धुणं, वर गच्चीवर वाळवण. जिना एवढा अरुंद की ओल्या चादरी घेऊन चढलं तर भिंतीच धुऊन निघतात. म्हणून आम्ही चादर पिळून तिचा गोळा करतो आणि अंगणातून वर फेकतो. कठड्याशी सूनबाई उभी असते, ती झेलते. फेकायच्या आधी "झेल" म्हणून ओरडायचं, नाहीतर ओला गोळा तोंडावर बसतो. हे काम मोठीकडे आहे. तिच्या बापाला दिलं होतं, पण त्याला खुर्चीवरून उठवणं हेच एक काम होऊन बसलं.

मोठी आखलेल्या गोलात उभी राहिली. गोळा मानेशी धरला, डोळे मिटले आणि सवयीनं ओरडली, "झेल!"

गोळा सरळ वर. गच्ची असती तर गच्चीवर गेला असता. तिथे गच्ची नव्हती, म्हणून तो खाली आला आणि बाईंच्या बुटापासून वीतभरावर धप्पकन रुतला. बाई मागे उडाल्या. मुली पोट धरधरून हसल्या. मोठीचं तोंड धुतल्या चादरीसारखं पांढरं पडलं आणि ती पुन्हा पायरीकडे निघाली.

बाई मात्र खड्ड्याकडे बघत होत्या. "ताकद भरपूर आहे," त्या म्हणाल्या. "फक्त वर नको, समोर टाकायला शीक."

घरी आल्यावर मोठी म्हणाली, "आता मी जन्मात जाणार नाही."

मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सूनबाईला म्हटलं, "आजपासून तू गच्चीवर नाही, फाटकाशी उभी राहायचंस. ही इथून फेकेल."

"आई, आणि मग चादरी वर कोण नेणार?"

"हिचा बाप. त्याच्या खुर्चीलाही जरा विसावा मिळू दे."

पहिल्या दिवशी अर्ध्या चादरी मातीत. सूनबाई पुन्हा धुताना माझ्या नावानं बोटं मोडत होती. मोडू दे, बोटं तिचीच. पण हळूहळू गोळा फाटकापर्यंत पोचायला लागला. एकदा तर फाटकावरून रस्त्यावर गेला, तेव्हा मोठी पहिल्यांदा स्वतःशीच हसली. पुढचा बुधवार आला. पोटाचं नाव नाही. चपला घालताना एवढंच म्हणाली, "आजी, आज तू येऊ नकोस."

मी गेले नाही. दारात मात्र उभी होते.

दुपारी आली ती मातीनं माखून. "तिसरी आले."

"कितीजणींत?"

"चौघींत," ती चाचरत म्हणाली. "आधी तिघीच होतो. माझ्याशेजारी पायरीवर एक बसायची ना, चष्म्याची, तिला मी ओढून आणली. ती चौथी आली. पुढच्या बुधवारी परत येते म्हणाली, पण मी असेन तरच."

सूनबाई तोंडाला पदर लावून हसत होती. मी मोठीला समोर उभी केली आणि सांगितलं, "तिसरी आलीस ते ठीक. पण बसलेलं माणूस उठवलंस, ते मला तुझ्या बापाच्या बाबतीत इतक्या वर्षांत धड जमलेलं नाही. आता कुठल्याही बुधवारी तुझं पोट दुखलं तर ती पोर पुन्हा पायरीवर बसेल. अडकलीस तू, बाई. आता तुला खेळावंच लागणार."