मुराळी

प्रणिताच्या निबंधाला विलायतेत वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले आणि इकडं औरंगपुऱ्यातल्या दुकानात तिच्या बापानं, बद्रीनाथनं, गिऱ्हाइकांना पेढे वाटले. विषय तिचा तिनंच निवडायचा होता, शोधायचं-लिहायचंही एकटीनंच. हिनं निवडल्या आपल्या सख्ख्या आत्याच्या ओव्या. शहाणी पोरगी! आत्या म्हणजे आवडाबाई, सिल्लोडजवळच्या खेड्यात दिलेली. परदेशी जायच्या आधी, ऐन पंचमीच्या तोंडावर, प्रणिता तिच्या घरी जाऊन ओव्या फोनवर भरून घेऊन आली होती.

वर्षानं सुट्टीत घरी आल्यावर ती बापाला निबंध मराठीत समजावून सांगायला बसली. सगळा डोलारा एका ओवीवर उभा:

वेशीच्या लिंबाखाली डोळं माझं लागलं
मुराळी येईना गं, ऊन कलून गेलं

"म्हणजे बघा बाबा, संसाराला विटलेली बाई खंडोबाच्या मुरळीची वाट बघतेय. तिच्यासारखं मोकळं व्हायचंय हिला. यावर मी पानंच्या पानं लिहिली."

बद्रीनाथनं कपाळाला हात लावला. "अगं येडे, मुरळी कुठली? मुराळी! सासुरवाशिणीला सणाला माहेरी न्यायला येतो ना, भाऊ नाय तर भाचा, तो मुराळी." एवढं बोलला आणि त्याचं त्यालाच लागलं. आई गेल्यापासून तो बहिणीला आणायला एकदाही गेला नव्हता. सदा दुकान, दुकान आणि दुकान.

प्रणिताला आधी भीती वाटली ती मार्कांचीच, खोटं कशाला सांगा. तिकडं मराठी कुणाला येत नव्हतं म्हणून खपून गेलं. आता तिकडं शिकवणाऱ्या बाईंना कुठल्या तोंडानं कळवायचं? पण मग तिला ती दुपार आठवली आणि मार्कबिर्क सगळं मागं पडलं. दारात पाऊल टाकताच आत्यानं विचारलं होतं, "मुराळी व्हऊन आलीस व्हय गं?" शब्द कळला नव्हता, पण म्हातारी खुशीत असली तर गाईल, म्हणून हिनं ठोकून दिलं होतं, "हो हो, आत्या!"

आणि काय गायली ती! प्रणिता निघाली तेव्हा आत्या नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन ओट्यावर आली. हिला वाटलं, शेंगा देतेय. "नको गं आत्या, विमानात वजन होतं," म्हणून ही गाडीत बसून चालती झाली. वर काचेतून टाटा केला.

आता तिला स्वतःचीच शरम वाटली. आपण आत्याला फसवलं आणि वर त्याचेच मार्क घेतले! सकाळी उठून तिनं बाईंना चूक कळवली, बापाला दुकान बंद ठेवायला लावलं आणि दोघांनी सिल्लोडचा रस्ता धरला.

आत्या ओट्यावर डाळ निवडत होती.

"आत्या, मुराळी आलेय. बाबापण आलेत."

आत्यानं वर बघितलंच नाही. "या टायमाला खरंच, का पुन्यांदा गाणी पायजेत?"

फोन प्रणितानं गाडीतच ठेवला होता. दोन्ही रिकामे हात तेवढे पुढं केले. मागं बद्रीनाथ मान खाली घालून उभा होता.

आत्या उठून आत गेली. लई वेळानं बाहेर आली, नवं लुगडं नेसून, आणि पिशवी प्रणिताच्या हातात कोंबली.

"धर. आन आता वजन व्हतंय म्हनू नको."